घासलेला नंबर

आमच्या कॉलनीत माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. नवे बिऱ्हाड राहायला आले की कुणीतरी ती सांगतेच, की या काकांनी घरबसल्या मोबाइलवरून सायकलचोर धरला होता. पुढे पुढे तिला एक शेपूट जोडले गेले. तो माणूस चोर नव्हता असे नंतर निघाले, पण काकांचा त्यात काही दोष नाही, चूक कुणाकडूनही होते. मी दोन्ही वेळा गप्प बसून ऐकले आहे. मी चोर धरला नव्हता हे तर आता सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या हातून झाली ती चूकही नव्हती, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. फार दिवसांपासून लिहायचे मनात होते. लिहायला बसलो की थकवा येई आणि मी उठून जाई. आजही थकवा आहेच. तो जाण्याची वाट पाहण्याचे वय मात्र राहिलेले नाही.

माझी सारी नोकरी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत झाली. तपासणी खात्यात होतो. तयार भाग हातात घ्यायचा, मापायचा, चालेल की नाही ते ठरवायचे आणि शिक्का मारायचा. निवृत्तीनंतर ठरवण्यासारखे काही उरले नाही. सकाळी सायकल घेऊन छावणीकडे जायचो. तिकडे झाडे आहेत, रस्ते रुंद आहेत आणि त्या वेळी गाड्या कमी असतात. मुलीने घेऊन दिलेली गिअरची सायकल होती. एके सकाळी खाली आलो तर पार्किंगमध्ये तुटलेले कुलूप पडलेले आणि सायकल गायब.

चौकीत गेलो. हवालदाराने बिल मागितले, ते होते. फ्रेमचा नंबर मागितला, तो मला सांगता येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावरचे नंबर तपासले आणि स्वतःची सायकल कधी उलटी करून पाहिली नाही, असे मी माझ्या कंपनीचे नाव घेऊन म्हणालो. तो हसला. म्हणाला, काका, इथे येणाऱ्या कुणालाच तो माहीत नसतो. मग पुण्याहून मुलीने फोनवर सांगितले, की जुन्या वस्तू विकायच्या जाहिराती मोबाइलवर येतात, त्यांत पाहत राहा, चोरलेल्या सायकली तिथेच येतात.

मी पाहू लागलो. चहा झाला की मोबाइल, जेवण झाले की मोबाइल. शहराचे नाव बदलले असले तरी जाहिराती दोन्ही नावांखाली यायच्या, म्हणून मी दोन्हींखाली शोधायचो. औरंगाबाद लिहिले की वेगळ्या सायकली, संभाजीनगर लिहिले की वेगळ्या. माझी सायकल कधीच दिसली नाही. पण इतक्या सायकली रोज पाहिल्या की डोळ्यांना सवय लागते. काय खटकते ते कळू लागते. विकणारा माणूस स्वतःची सायकल उजेडात, चारी बाजूंनी दाखवतो. ज्याला लपवायचे असते तो एकच फोटो टाकतो, भिंतीला टेकवून, संध्याकाळचा. किंमत फार कमी आणि विकण्याची घाई फार. कुलूप आहे पण चावी हरवलेली. केव्हा घेतली विचारले की उत्तर गोल. सीटची उंची एका माणसाची आणि विकणारा दुसऱ्याच उंचीचा. भेटायची जागा ठरवली की आयत्या वेळी बदलतो. नुकताच रंग दिलेला असेल तर जुना रंग का झाकला ते विचारावे. आणि नंबर घासलेला असेल तर पुढे काही विचारूच नये, असे मी लोकांना सांगायचो.

लोकांना सांगायचो, कारण लोक विचारायला येऊ लागले होते. वरच्या मजल्यावरच्यांची सायकल गेली, ती मला एका जाहिरातीत दिसली. तेव्हा मी सगळे नीट केले. विकणाऱ्याला काही बोललो नाही, पैसे दिले नाहीत, एकटा गेलो नाही. जाहिरातीचे फोटो मोबाइलमध्ये साठवले आणि चौकीत जाऊन दाखवले. सायकल परत आली. त्या दिवसापासून मी कॉलनीत मोठा माणूस झालो. सगळ्यांना आपापली सायकल आडवी पाडायला लावून, पायडलच्या दांड्याखालचा नंबर शोधून त्याचा फोटो काढून ठेवायला लावला. दर रविवारी कुणी ना कुणी मोबाइल पुढे धरून विचारायचे, काका, ही घ्यावी का, काही खटकतंय का? मी चष्मा वर सारून पाहायचो आणि निकाल द्यायचो. इतक्या वर्षांनी परत शिक्का हातात आला होता. त्याचे सुख मला फार झाले.

आमच्या शेजारच्या इमारतीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांचे यजमान ट्रेझरीत होते. जन्मभर ते एका काळ्या, जुन्या, दणकट सायकलवर कचेरीत गेले. पाऊस असला तर हँडलला छत्री. ते अचानक दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. तेरावे झाले, पाहुणे गेले, तेव्हा बाईंच्या लक्षात आले की खाली जिन्याजवळ सायकल नाही. केव्हा गेली ते कुणाला सांगता येईना. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मला ती चालवायची नाहीये. नुसती जिन्याखाली असली तरी पुरे."

मी जुन्या सायकलींच्या जाहिराती पाहू लागलो. त्या फार येत नाहीत. एक आली. फुलंब्रीची. सायकल बाईंच्या सायकलच्याच घडणीची, पण तिला नुकताच हिरवा रंग मारलेला. एकच फोटो, भिंतीला टेकवलेली, उजेड कमी. किंमत भंगाराच्या जवळपास. खाली लिहिले होते, लगेच देणे आहे. जाहिरातीत नाव मुलीचे आणि फोन केला तर आवाज पुरुषाचा. बिल विचारले, नाही म्हणाला. कुलपाची चावी विचारली, कधीच हरवली म्हणाला. भेटायला बोलावले तर एकदा दिवस बदलला, मग परत बदलला. माझ्या मनातल्या सगळ्या खुणा एकामागून एक जुळत गेल्या. मी बाईंना म्हणालो, हीच असणार. असणार म्हणायला हवे होते की नाही, याचा मी त्या वेळी विचार केला नाही.

तो आला तो रविवारी, सायकल चालवत. पन्नाशीच्या आसपासचा, काटक, अंगात धुतलेला पांढरा सदरा, घामाने पाठ भिजलेली. फुलंब्रीहून उन्हात आला होता. मी कॉलनीच्या फाटकाशी उभा होतो, माझ्या मागे कॉलनीतले पाच-सहा जण गप्पा मारत असल्यासारखे. त्याने पाणी मागितले. कुणी दिले नाही. बाई पुढे आल्या, सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"हीच ना, भाऊ?"

ही त्यांना ओळखायची गोष्ट होती, पण त्या मला विचारत होत्या. मी मान हलवली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि मागे उभे असलेले लोक पुढे झाले.

कुणी मारहाण केली नाही, एवढे तरी झाले. त्याच्या हातातून हँडल काढून घेतले, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि सगळे मिळून चौकीत गेलो. तो वाटेत एकच सांगत होता, की माझी हाय, माझी सोताची हाय, लेकीच्या मोबाइलवरून टाकली, मला ते जमत नाय म्हणून. रविवारीच का आलास विचारले तर म्हणाला, कँटीनला पाळी बदलत राहती, दुसऱ्या कुठल्या दिवशी सुट्टी नाय. जाहिरातीतले नाव, बदललेले दिवस, सगळ्याची उत्तरे अशी रस्त्यातच मिळाली. पण आम्ही कुणी ऐकण्यासाठी विचारत नव्हतो.

चौकीत हवालदाराने सायकल आडवी केली, पण बाईंच्या सायकलचा नंबर कुणाकडेच नव्हता. मी पुढे वाकलो आणि सीटखालच्या उभ्या नळीवर बोट ठेवले. तिथे हिरव्या रंगाखाली एक चपटी जागा होती. कानशीने घासलेली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, नंबर घासलेला आहे. लोकांत कुजबुज झाली.

तो माणूस मात्र घाबरला नाही. उलट त्याला बरे वाटल्यासारखे दिसले, शेवटी कुणीतरी कामाचे बोलले असे. तो म्हणाला, "व्हय, घासलेलाच हाय. कंपनीची सायकल हाय ना ती. भंगारात निघाल्या तव्हा कामगारांना देल्या. नंबर घासल्याबिगर गेटातून भाईर सोडतच नायत."

"कुठली कंपनी?" हवालदाराने विचारले.

त्याने नाव सांगितले. ती माझी कंपनी होती. तो तिथल्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडे आत स्वयंपाकाला होता, म्हणून आम्ही एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नव्हतो.

इथे मला थांबून एक सांगितले पाहिजे, कारण सारे यावरच आहे. आमच्या कंपनीचे आवार मोठे होते. एका शॉपमधून, म्हणजे यंत्रांच्या शेडमधून, दुसऱ्या शॉपमध्ये जायला खात्याच्या सायकली असायच्या. सीटखालच्या नळीवर खात्याचा नंबर ठोकलेला असे. सायकल फार जुनी झाली की भंगारात काढून कामगारांना विकत. एकदा एका हेल्परने अशी सायकल रीतसर घेतली, आणि काही महिन्यांनी तिच्यावरच गेटाबाहेरून कामावर येत असताना सुरक्षा रक्षकांनी तिच्यावरचा खात्याचा नंबर पाहून त्याला धरले. सकाळच्या पाळीची सगळी माणसे आत येत होती आणि तो गेटाशी उकिडवा बसला होता. कागद सापडून सुटका होईपर्यंत दुपार झाली. मला ते फार लागले. मी वर जाऊन बोललो, की सायकल विकताना खात्याचा नंबर घासून द्यावा, म्हणजे नेणाऱ्याला कुणी चोर म्हणणार नाही. ते मान्य झाले. कुठे घासायचे आणि किती, ते तपासणी खात्याने पाहायचे ठरले. तपासणी खाते म्हणजे मी. कितीतरी सायकलींच्या त्या जागेवरून मी स्वतः अंगठा फिरवून पाहिला आहे.

म्हणजे मी बोट कुठे ठेवले होते ते मला कळले होते. त्याने कंपनीचे नाव घेतल्यावर नाही. बोट ठेवले तेव्हाच. चोर घासतो तो नंबर खाली, पायडलच्या दांड्याशी असतो. सीटखालची ती चपटी जागा माझी होती. मला ते कळले आणि तरीही मी मोठ्याने म्हणालो, नंबर घासलेला आहे. का म्हणालो ते मी पुष्कळ शोधले. बाई रडत होत्या, कॉलनीतली माणसे माझ्या मागे उभी होती, आणि सगळे जण सुटीचा दिवस सोडून माझ्या शब्दावर तिथे आले होते. यापेक्षा मोठे कारण मला सापडलेले नाही.

हवालदार माझ्याकडे वळला. तो शांत माणूस होता, त्याला शहानिशा करायची होती.

"काका, तुम्ही तर त्याच कंपनीत होता म्हणालात. असं करतात का तिथं?"

"नाही," मी म्हणालो. "असं मी कधी पाहिलं नाही."

तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटले, आता चिडेल. पण तो हवालदाराला म्हणाला, "मग साहेब आफिसात असतील. शॉपातलं त्यांना काय ठावं." त्याने मला वाचवले. त्याला ते कळलेही नाही.

बाईंनी अर्ज दिला, सायकल चौकीत जमा झाली. त्याचे आधार कार्ड पाहून, सही घेऊन, बोलावले की यायचे असे सांगून संध्याकाळी त्याला सोडले. तो बस स्टँडच्या दिशेने चालत निघाला. आम्ही एकाच्या गाडीतून घरी आलो. वाटेत सगळे माझ्या नजरेचे कौतुक करत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो, डोळ्यांपुढे काही नव्हते.

त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला गेला, खाली सायकलचोर असे लिहून. तिथून तो कुठे कुठे गेला कुणास ठाऊक. दोन-चार दिवसांत त्याचा मला फोन आला. जाहिरातीच्या वेळी बोललो होतो तोच नंबर. आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, ठेकेदाराने फोटो पाहिला आणि सांगितले की पोलिसांत गेलेला माणूस कँटीनमध्ये नको, कंपनीवाले बोलतात. "साहेब, तुमी त्यांना निस्ता एक फोन करा. म्हणा, अजून शाबीत कायीच नाय. तुमी कंपनीतले जुने, तुमचं ऐकतील. माझं घर त्या कामावर हाय." मी म्हणालो, आता ते पोलिसांचे काम आहे, माझ्या हातात काही नाही. तो बरं म्हणाला. फोन ठेवताना नमस्कार म्हणाला.

झेंडावंदनाच्या दिवशी कॉलनीने मला शाल आणि नारळ दिला. मी शाल अंगावरून काढून घडी करून घरात आणली आणि बायकोला म्हणालो, ठेव कुठेतरी. ती म्हणाली, अंगावर तरी घ्या, थंडी आहे. मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई भाजी घेऊन परतत असताना मागच्या रस्त्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने त्यांना हाक मारली. त्याचे दुकान बरेच दिवस बंद होते. तो गावाकडे आजारी पडला होता. म्हणाला, बाई, साहेबांची सायकल केव्हाची तयार आहे, ओव्हरहॉलला टाकून गेले ते आलेच नाहीत, मला घर माहीत नव्हते, तुम्हाला त्यांच्यासोबत पाहिले होते म्हणून ओळखले. आत भिंतीला काळी सायकल टेकलेली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी यजमान ती तिथे ठेवून आले होते. कुणाला सांगायचे राहून गेले. म्हणजे चोरी झालीच नव्हती.

बाई भाजीची पिशवी घेऊन तशाच माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता चौकीत जाऊ, अर्ज मागे घेऊ, त्या माणसाची क्षमा मागू. मी गुडघ्याचे निमित्त सांगितले. त्या एकट्या गेल्या. अर्ज मागे घेतला. त्या माणसाला फोन करून माफी मागितली. जमा झालेली सायकल सोडवायला मात्र त्यानेच यायचे होते, कोर्टाचा कागद आणायचा होता, आणि रोजंदारी बुडवून त्या फेऱ्या घालायला तो तयार नव्हता. ती चौकीच्या मागे इतर जप्त गाड्यांमध्ये उभी राहिली. त्याचे कामही परत मिळाले नाही. ठेकेदाराने दुसरा माणूस ठेवला होता, आणि फोटो ज्यांनी पाहिला होता त्यांच्यापर्यंत बाईंची माफी पोचली नव्हती.

बाई स्वतःला फार दोष देत होत्या. मला भेटल्या की म्हणायच्या, तुम्हाला तरी कुठे माहीत होते, तुम्ही माझ्यासाठीच केले. असे त्या पुष्कळ वेळा म्हणाल्या. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो आणि त्यांना वाटायचे, काकांना किती वाईट वाटते. वर्ष गेले असेल. एक दिवस त्या हे म्हणाल्या आणि माझ्याने मानही खाली घालवेना. घरी आलो, चप्पल न काढताच पाणी प्यायलो आणि बसने फुलंब्रीला गेलो.

तो सापडायला कठीण गेले नाही. स्टँडजवळच्या एका हॉटेलात भजी तळत होता. दुसऱ्याच्या हॉटेलात, रोजावर. मला पाहून त्याने लगेच ओळखले. म्हणाला, बसा. चहा सांगितला. गिऱ्हाईक कमी झाले तेव्हा हात पुसत समोर आला. मी त्याला सगळे सांगितले. तपासणी खाते, तो हेल्पर, नंबर घासायचा नियम, आणि चौकीत मी बोट ठेवले तेव्हाच मला कळले होते हे.

तो कढईकडे पाहत होता, तेल तापून धूर येत होता, त्याने उठून आच कमी केली आणि परत आला.

"तुमाला म्हाईतच नव्हतं, आसं मी धरून चाललो व्हतो," तो म्हणाला. "बाईंचा फोन आला तव्हा घरात म्हणलो, म्हातारा माणूस हाय, चुकला आसंल. मनातून काढून टाकलं व्हतं सगळं. आता तुमी परत घातलं."

मी माफ करा म्हणालो. तो शब्द तिथे टेबलावर तसाच पडला. त्याने तो उचलला नाही.

"माफीचं मला काय करायचंय? मला इथं येऊन सांगता. मी चोर नाय हे मला म्हाईतच हाय की."

मग हलक्या आवाजात त्याने सांगितले. कँटीनमध्ये इतकी वर्षे हजार माणसांचे जेवण त्याच्या हाताने गेले. तिथली माणसे रस्त्यात भेटली की आता नीट बोलत नाहीत. काम कुठेही मिळते, पण त्याला ते काम हवे होते, आणि त्याच माणसांसमोर हवे होते. बाईंचा फोन झाल्यावर तो एकदा ठेकेदाराकडे गेला होता. ठेकेदार म्हणाला, तू म्हणतोस ते मी कसे सांगू लोकांना. तो परत आला.

मी दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो. गेटावर मला ओळखणारे आता कुणी नव्हते. पास काढून घ्यावा लागला. ठेकेदार तरुण होता, घाईत होता, माझे ऐकताना दोन फोन घेतले. पण ऐकल्यावर खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, काका, तो माणूस चांगला होता, नवीन आणलेल्याच्या हाताला चव नाही, कामगार रोज कुरकुरतात. पण मी त्याला घेतला तर माझ्याच तोंडावर बोलतील की चोर परत आणला. मी विचारले, मी सांगितले तर? तो म्हणाला, तुम्ही इथे सांगून उपयोग नाही, जेवणाच्या सुटीत कँटीनमध्ये सांगाल का? मी हो म्हणालो. खरे तर मला तेव्हा फक्त घरी जाऊन पडावेसे वाटत होते.

त्याआधी ग्रुपवर लिहिले. खोटे बोललो, हे शब्द तसेच लिहिले. खाली हात जोडल्याची चित्रे आली. काका, तुमचे मन मोठे आहे, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने फूल पाठवले. त्या माणसाविषयी कुणी एक ओळ लिहिली नाही. फक्त बाईंनी काहीच पाठवले नाही, आणि त्या दिवसापासून त्या फाटकाशी भेटल्या तर बाजूला होऊन मला वाट देतात. भाऊ म्हणत नाहीत. ते मला योग्य वाटते. चौकीतही जाऊन जबाब बदलून दिला. हवालदाराची बदली झाली होती. नवा म्हणाला, प्रकरण तर मिटले आहे ना, मग कशाला?

ठरल्या दिवशी ठेकेदाराने त्यालाही बोलावून घेतले होते. कँटीन मी ओळखले नाही, टेबले नवी, पंखे नवे, भिंतीला टाइल. माणसे ताटे घेऊन बसली होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पांढरा ॲप्रन घातलेला, हाताची घडी. ठेकेदाराने दोन टाळ्या वाजवून लोकांना गप्प केले आणि माझ्याकडे हात केला.

मी आधी पुष्कळ वाक्ये जुळवली होती. ती आठवली नाहीत. मी म्हणालो, की मी इथे तपासणी खात्यात होतो, ज्याचा फोटो तुम्ही पाहिलात त्याने सायकल इथूनच रीतसर घेतली होती, नंबर इथल्याच नियमाने घासला होता, मला ते चौकीत ठाऊक होते आणि मी पोलिसांसमोर माहीत नाही म्हणालो. तो खरे बोलत होता, खोटे मी बोललो. एवढे सांगायला फार वेळ लागला नाही. कोपऱ्यातल्या एका टेबलावरून कुणीतरी म्हणाले, मग इतके दिवस काय करत होता? मी उत्तर दिले नाही, कारण ते मी वर लिहिले आहे तेवढेच आहे, आणि ते सांगण्याजोगे नाही. कुणी हसले नाही, कुणी काही फेकले नाही. थोड्या वेळाने चमच्यांचा आवाज परत सुरू झाला. एक जाडजूड कामगार उठला, रिकामी वाटी घेऊन दाराकडे गेला आणि त्याला म्हणाला, "मामा, आजची आमटी तुमची हाय का त्या पोराची?"

"आजची त्याचीच," तो म्हणाला. "उद्यापासून बघा."

मी तिथेच उभा होतो. कुणी बस म्हणाले नव्हते. वाढण्याच्या खिडकीची वाट मी अडवली होती, आणि ताटे घेतलेल्या माणसांची रांग माझ्या मागे थांबली होती. तो ओगराळे घेऊन खिडकीशी आला, मला पाहिले.

"झालं ना तुमचं?" तो म्हणाला. "मग जरा बाजूला व्हा. लोकांची सुट्टी संपती."

मी बाजूला झालो. रांग पुढे सरकली.